कीर्तनकाराची तारीख आणि फडाचा नेम

(धायरी इथल्या व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



पत्रिकेवर विषय जरा मोठा छापला गेलाय. प्रसिद्ध प्रवचनकार, प्रक्षेपण आणि पंथांची पडझड. मी तो कीर्तनापुरता घेणार आहे. कारण आपल्याकडे हा प्रश्न खऱ्या अर्थानं दिसतो तो कीर्तनात. मधे एक फेरी अमेरिकेत मारून येऊ, कारण तिथं हेच सगळं आपल्या आधी पन्नास-साठ वर्षं घडून गेलेलं आहे, आणि घडून गेलेल्या गोष्टीकडे बघणं सोपं असतं.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. महाराष्ट्रात कीर्तनाच्या दोन मोठ्या परंपरा. एक नारदीय. पूर्वरंग, उत्तररंग, मधे बुक्का लावण्याचा कार्यक्रम, उत्तररंगात आख्यान. बुवा एकटे उभे, साथीला पेटी-तबला. पुण्यात सदाशिव पेठेत नारद मंदिर आहे, हरिकीर्तनोत्तेजक सभा आहे, तिथं ही परंपरा शिकवली जाते. दुसरी वारकरी. इथं एकच अभंग निरूपणाला घेतात, दोन तास त्याच अभंगावर, मागे टाळकरी, मृदंग, विणेकरी. हा फरक महत्त्वाचा आहे. वारकरी कीर्तनात मागचे टाळकरी शोभेला उभे नसतात. बुवांनी एखादं प्रमाण उचललं, म्हणजे आपल्या म्हणण्याला आधार म्हणून दुसऱ्या संतवचनाचा नुसता पहिला शब्द काढला, की मागच्यांनी ते पुढे न्यायचं, चालीत म्हणायचं. म्हणजे मागच्या माणसाला पाठ पाहिजे. बुवांचं चुकलं तर मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ते कळतं, आणि त्याला कळलंय हे बुवांनाही कळतं. कीर्तनाची तपासणी कीर्तन चालू असतानाच होत असते.

आता फड. फड म्हणजे एका महाराजांच्या परंपरेनं बांधलेला वारकऱ्यांचा समुदाय. वासकर, देहूकर, सातारकर, आजरेकर अशी नावं तुम्ही वारीत ऐकली असतील. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं, आणि दिंड्यांचा क्रम, रथापुढे कोण, रथामागे कोण, हे सगळं बसत गेलं. फडात काय असतं? नेम असतो. कुठल्या वारी कुठले अभंग म्हणायचे हे ठरलेलं. कुठल्या मुक्कामी कीर्तन कुणाचं हे ठरलेलं. कीर्तन हा मान असतो, तो क्रमानं येतो. आवाज गोड आहे म्हणून पुढे आणि बसका आहे म्हणून मागे, असं तिथं नसतं. आता यात दोष नाहीत असं मी म्हणत नाही. मान बहुधा घराण्यात राहतो, बायकांना कीर्तनाला उभं राहण्यासाठी झगडावं लागलं, आणि "ठरलेलं आहे" या एका वाक्यावर बरंच काही दडपलं जातं. पण फड ही शाळा होती, आणि शाळेत जसं एका हुशार मुलाकरता वर्ग चालत नाही तसं ते चालायचं.

या शाळेला खरोखरची शाळा जोडली ती विष्णुबुवा जोगांनी. 1917 साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास. ज्ञानेश्वरी, गाथा, पाठांतर, मधुकरी मागून जेवायचं. सोनोपंत दांडेकर त्याच परंपरेतले, आणि ते इथं एस. पी. कॉलेजचे प्राचार्य होते, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. जोग महाराजांचा विचार असा होता की कीर्तन-प्रवचन घराण्यावर अवलंबून राहू नये, कुठल्याही जातीच्या, गरिबाच्या पोराला शिकता यावं. आज तुम्हाला टीव्हीवर, मोबाइलवर दिसणारे कितीतरी महाराज आळंदीत शिकलेले असतात. म्हणजे गंमत बघा, आजच्या प्रसिद्ध कीर्तनकाराला वाट मोकळी करून देण्यात त्या शाळेचाही हात आहे. घराणं नसलेला मुलगा तिथून बाहेर पडला, आणि घराणं नाही म्हटल्यावर त्याला स्वतःचं नाव कमवावं लागलं.

(त्याच 1917 साली आणखी एक गोष्ट घडली, विषयाला लागून आहे म्हणून सांगतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि "देवाचा दरबार" सुरू केला. मिशननं पगार द्यावा आणि मी उपदेश करावा, हे त्यांना खटकायला लागलं होतं. पंथाच्या चौकटीत राहायचं की आपल्या नावावर माणसं गोळा करायची, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजालाही तेव्हाच पडलेला होता.)

आता प्रक्षेपणाकडे येऊ. पुणे आकाशवाणी 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झाली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला. या दोन्ही ठिकाणी कीर्तन होत होतं, पण ते सरकारी माध्यम होतं. कुणाला बोलवायचं ते केंद्र ठरवणार, मानधन ठरलेलं, वेळ ठरलेली. नाव होत असे, पण त्या नावातून धंदा उभा राहत नसे. खरा बदल आला कॅसेटबरोबर. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ आठवा. सकाळी सहाला एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात. बाबामहाराज म्हणजे नीळकंठ ज्ञानेश्वर गोरे, जन्म 1936, ऑक्टोबर 2023 मध्ये गेले. ते मोठे कलाकार होते, आणि प्रसिद्ध तर होतेच. पण ते सातारकर फडाचे होते. त्यांच्या आवाजामागे एक फड उभा होता, दिंडी होती, नेम होता. कॅसेट ऐकून कुणाला पुढे जावंसं वाटलं तर जायला एक जागा होती. हे लक्षात ठेवा, अमेरिकेत गेल्यावर याचा उपयोग होणार आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 2000 सालाच्या आसपास आस्था, संस्कार अशा वाहिन्या आल्या, मग मराठी वाहिन्यांवर सकाळचे कीर्तनाचे कार्यक्रम आले, मग यूट्यूब आलं आणि सगळ्यांवर मात केली. 2025 साली तर सोनी मराठीवर "कोण होणार महाराष्ट्राचा लाडका कीर्तनकार" अशी स्पर्धाच झाली. मी ती चेष्टेवारी नेत नाही. तिथं आलेल्या मुलामुलींची तयारी चांगली होती. पण शीर्षकातला "लाडका" हा शब्द बघा. फडात कीर्तनकार लाडका असण्याची गरज नसते.

चला, अमेरिकेत.

मार्टिन ल्यूथरनं 1517 मध्ये आपली पंचाण्णव कलमं मांडली, आणि ती छापखान्यामुळे जर्मनीभर गेली. म्हणजे ल्यूथरन पंथाचा जन्मच त्या काळच्या प्रसारमाध्यमातून झालाय म्हटलं तरी चालेल. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ल्यूथरन लोकांनी 1930 साली रेडिओवर "द ल्यूथरन अवर" हा कार्यक्रम सुरू केला. वक्ते वॉल्टर मायर. पैशाअभावी तो वर्षभरात बंद पडला, 1935 ला पुन्हा सुरू झाला, आणि मायर 1950 मध्ये वारेपर्यंत जगात कित्येक देशांत ऐकला जात होता. हा माणूस त्या काळातला तारा होता. पण कार्यक्रम पंथाच्या सामान्य सभासदांच्या संघटनेचा होता. मायर गेले, दुसरे वक्ते आले, कार्यक्रम चालू राहिला. आपले बाबामहाराज आणि त्यांचा फड, तसंच काहीसं.

मग 1960 मध्ये तिथल्या सरकारी नियमात बदल झाला. त्याआधी बरीच रेडिओ-टीव्ही केंद्रं जुन्या, प्रस्थापित चर्चना फुकट वेळ देत असत, जनसेवा म्हणून. नव्या नियमानं विकत दिलेला वेळसुद्धा जनसेवेत मोजला जाऊ लागला. आता कुठला केंद्रचालक वेळ फुकट देईल? ज्यांना पैसे उभे करता येत होते ते आत आले, आणि पैसे उभे करता येत होते ते स्वतंत्र प्रवचनकारांना. पडद्यावरून थेट प्रेक्षकाकडे मागायचं, प्रेक्षकाचा पत्ता स्वतःकडे ठेवायचा. चर्च मधून गळलं. जुने पंथ समित्यांमध्ये चर्चा करत बसले.

त्यातला एक नमुना सांगतो. रॉबर्ट शुलर, रिफॉर्म्ड पंथाचे. 1955 ला कॅलिफोर्नियात मोटारीत बसून सिनेमा बघायच्या मैदानावर त्यांनी प्रार्थना सुरू केली. 1970 पासून टीव्हीवर "अवर ऑफ पॉवर". 1980 मध्ये सगळी काचेची प्रचंड वास्तू उभी केली, क्रिस्टल कॅथेड्रल. मग म्हातारपण आलं, गादी मुलाकडे दिली, दोघांचं पटलं नाही, ती मुलीकडे गेली, आणि 2010 मध्ये दिवाळं निघालं. ती काचेची वास्तू शेवटी कुणी घेतली? तिथल्या कॅथलिक धर्मप्रांतानं. एका माणसाच्या नावावर उभं राहिलेलं, सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात सावकाश चालणाऱ्या संस्थेच्या ताब्यात गेलं.

आणि ल्यूथरन? 1988 साली तीन संघटना एकत्र येऊन तिथला सगळ्यात मोठा ल्यूथरन पंथ झाला तेव्हा सभासद होते 52 लाखांच्या वर. आज 30 लाखांच्या आत. मायर ज्या पंथाचे, तो मिसुरी सिनड, 1970 च्या सुमारास 28 लाखांच्या घरात होता, तो आता अठरा लाखांच्या खाली आलाय.

आता इथं सावध राहायचं. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की पहिलीनं दुसरी घडवली असं वाटतं. टीव्हीवाल्यांनी चर्च रिकामी केली, हे तिकडेही खूप लोक म्हणत. 1984 मध्ये तिथं मोठा अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की धार्मिक टीव्ही बघणारे बहुतेक लोक चर्चला जाणारेच होते. म्हणजे पडद्यानं भक्त पळवले नव्हते. पुढे समाजशास्त्रज्ञांनी आकडेमोड करून दाखवलं की जुन्या पंथांच्या घसरणीचं मोठं कारण अगदी साधं होतं: त्या घरांतून मुलं कमी जन्मली, आणि जन्मली ती मोठी होऊन सभासद राहिली नाहीत. मग टीव्हीनं काय केलं? मला वाटतं, टीव्हीनं मधली माणसं खाल्ली. गावचा पाद्री, ज्याचा आवाज बरा, बोलणं बेताचं, पण जो आजाऱ्याला भेटायला येतो, त्याची तुलना आता देशातल्या सगळ्यात पट्टीच्या वक्त्याशी दर रविवारी व्हायला लागली. त्यात तो कसा टिकणार?

परत या धायरीला.

आपल्याकडे गर्दी कमी झालेली नाही. वारी वाढतेय, सप्ताह वाढतायत, मांडव मोठे झालेत. म्हणून "परंपरा ओसरली" असं कुणी म्हटलं की लोक हसतात. पण सप्ताहाचा हिशोब मांडून बघा. आकडे समजण्यापुरते घेतो, कुठल्या गावचे नाहीत. समजा सात दिवसांच्या कीर्तनांसाठी वर्गणीतून साडेतीन लाख रुपये बाजूला निघाले. पूर्वी ते सात जणांत थोड्याफार फरकानं वाटले जायचे. आता समिती म्हणते, एक तरी मोठं नाव पाहिजे, नाहीतर वर्गणी कशी जमणार? एका नावाला दोन लाख गेले. उरले दीड लाख, सहा जणांत. मग त्यातल्या दोन दिवशी जवळपासच्या बुवांना "महाराज, आपलेच आहात" म्हणून नारळ आणि पाकीट. सातव्या दिवशीच्या काल्याच्या कीर्तनाला पंचवीस हजार माणूस आणि चौथ्या दिवशी मांडवात दीडशे. पुढच्या वर्षी तोच दीडशेचा आकडा दाखवून समिती म्हणते, या बुवांना कुणी ऐकत नाही.

असं दरवर्षी होत गेलं की काय होतं? पंचक्रोशीतला बुवा, जो वर्षाला चाळीस कीर्तनं करून, शेती सांभाळून, चार पोरांना टाळ आणि पाठांतर शिकवत होता, त्याच्या तारखा कमी होतात. तो थांबतो. त्याची चार पोरं टाळकरी होत नाहीत. मग मोठ्या महाराजांबरोबर त्यांचे स्वतःचे गायक, वादक, टाळकरी गाडीतून येतात, कारण गावात प्रमाण उचलणारं कुणी उरलेलं नसतं. आणि मघाशी म्हटलं ती तपासणी? मागे उभा असलेला माणूस महाराजांच्या पगारावर असेल तर तो काय तपासणार?

पैशाचं बोललो म्हणून एक सांगतो. कीर्तनाचं मोल घेण्याबद्दल तुकोबा फार कडक आहेत. जिथं कीर्तन करायचं तिथं जेवूही नये, माळ घालून घेऊ नये, आणि द्रव्याचा व्यवहार झाला तर देणारा-घेणारा दोघंही बुडाले, असा त्यांचा भाव आहे. हे वचन प्रत्येक कीर्तनकाराला पाठ असतं. मी प्रसिद्ध कीर्तनकारांवर दात धरून बोलत नाहीये. आठशे किलोमीटर गाडी मारायची, डिझेल आहे, दहा माणसांचं पथक आहे, घसा आहे. कष्टाचं काम आहे. पण तुकोबांच्या बोलण्यात "देणारा" पण आहे. आपण तो देणारा बाजूला ठेवतो आणि फक्त घेणाऱ्यावर रागावतो.

दुसरी गोष्ट, तुकडा. दोन तासांच्या कीर्तनातला चाळीस सेकंदांचा विनोद कापून मोबाइलवर फिरतो. इंदुरीकर महाराजांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. 2020 च्या फेब्रुवारीत मूल मुलगा होणार की मुलगी याबद्दलच्या त्यांच्या विधानाची क्लिप फिरली, त्यांनी पत्र काढून दिलगिरी व्यक्त केली, प्रकरण कोर्टात गेलं ते पुढची काही वर्षं चाललं. ते विधान चूक होतं, विज्ञानाच्या दृष्टीनं तर सरळ चूक, त्यात मला शंका नाही. त्यानंतर त्यांनी जाहीरपणे कॅमेरेवाल्यांवर राग काढला. तो राग मला समजतो, पण पूर्ण पटत नाही. त्यांना गावोगाव पोचवलं त्याच कॅमेऱ्यानं. कॅमेऱ्यापुढे बोलायला लागलं की बोलणं हळूहळू तुकड्यासाठीच घडायला लागतं. दर पाच मिनिटांनी हशा पाहिजे. अभंगाचं तिसरं चरण येईपर्यंत कोण थांबतंय? मी काही कीर्तनं अशी ऐकलीत की सुरुवातीला अभंग म्हटला गेला आणि नंतर परत त्याची गाठच पडली नाही.

शिवलीला पाटील या तरुण कीर्तनकार 2021 मध्ये बिग बॉस मराठीत गेल्या, थोड्याच दिवसांत बाहेर आल्या, आणि वारकऱ्यांच्या रोषानंतर त्यांनी माफी मागितली. लोक त्यांच्यावर फार तुटून पडले. मला तेव्हा एकच वाटलं: तिला प्रसिद्धी देताना कुणी नियम सांगितला नव्हता, घेतली तेव्हा मात्र सगळ्यांना नियम आठवला. फडात असती तर जायच्या आधीच कुणीतरी वडीलधाऱ्यानं कान धरला असता. ते बरं की वाईट ते तुम्ही ठरवा, पण आधी धरला असता.

आता धायरीचं. 2017 मध्ये हे गाव महापालिकेत आलं. गावठाण आहे, धारेश्वराचं देऊळ आहे, आणि त्याच्या कितीतरी पट मोठ्या सोसायट्या आहेत. त्या सोसायट्यांत राहणारा माणूस लातूरचा, बीडचा, साताऱ्याचा, सोलापूरचा. त्याचा सप्ताह इथं नाही, तिकडे गावाला आहे. तो वर्गणी तिकडे पाठवतो, फोनवरून. आणि सप्ताह बघतो लाईव्ह, रात्री जेवताना. गावच्या ग्रुपवर तोच लिहितो, "या वर्षी अमुक महाराजांनाच आणा." म्हणजे मोठ्या नावाचा आग्रह धरणारा बऱ्याचदा मांडवात नसतोच. त्याच्यासाठी कीर्तन हा बघायचा कार्यक्रम झालाय, कारण त्याला दुसरा मार्गच राहिलेला नाही. त्याला नावं ठेवू नका. आठवड्याला सहा दिवस काम करून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून रात्री नऊला घरी येणाऱ्या माणसाला हरिपाठ मोबाइलवर मिळतो, हे चांगलंच आहे. प्रश्न एवढाच आहे की त्याच्या दारापासून दहा मिनिटांवर, धायरी गावातच, ज्या संध्याकाळी वीस माणसं हरिपाठाला उभी असतील तिथं त्याला कुणी बोलावलं का? आणि बोलावलं, तर त्याच्या हातात टाळ दिला का?

बोलायचं ते बोलून झालं. प्रश्न घेऊ.

एक श्रोते: सर, मोठं नाव आणलं नाही तर वर्गणी जमत नाही हे खरंय. आम्ही समितीत आहोत, आम्हाला माहीत आहे. मग करायचं काय?

उत्तर: नाव आणू नका असं मी म्हणणार नाही, तुम्ही ऐकणारही नाही. (हशा) पण दोन गोष्टी करता येतात. मोठं नाव काल्याला न ठेवता पहिल्या दिवशी ठेवा. काल्याचा मान पंचक्रोशीतल्या बुवांना द्या. गर्दी पहिल्या दिवशी येईल, त्यातली काही टिकेल. आणि महाराजांना तारीख मागताना अट घाला की टाळकरी आमचे असतील. बरेच महाराज हो म्हणतील, त्यांचाही खर्च वाचतो. मग तुम्हाला सहा महिने आधी पोरं तयार करावी लागतील.

एक श्रोत्या: आमच्या सोसायटीत आम्ही बायका रोज मोबाइलवर कीर्तन लावून एकत्र ऐकतो. देवळात आम्हाला मागे बसवतात. मग आम्ही कशाला जायचं?

उत्तर: ताई, हा प्रश्न मला नको, देवळाच्या विश्वस्तांना विचारायला हवा, आणि ते इथं दुसऱ्या रांगेत बसलेत. (हशा, टाळ्या) मोबाइलवर तुम्हाला कुणी मागे बसवत नाही, हे मोबाइलचं खरं बळ आहे, आणि फडांनी ते कधी नीट लक्षात घेतलं नाही. तुम्ही किती जणी आहात? बारा? मग तुमच्यात चाल सांगणारी एक असेलच. रविवारी मोबाइल बंद ठेवून एकदा हरिपाठ स्वतः म्हणून बघा. विश्वस्तांशी मी कार्यक्रम संपल्यावर तुमच्यासमोरच बोलतो.